कॅमेऱ्याची बॅटरी नेमकी कशात जाते?

नवा कॅमेरा घेऊ पाहणारी ओळखीची माणसे हमखास विचारतात, ‘एका चार्जिंगवर किती फोटो निघतात?’ प्रश्न रास्त आहे, परंतु त्याला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. भिगवणच्या पाणथळीत होडीत बसून रोहित पक्ष्यांचा थवा उडण्याची वाट पाहणारा, लग्नाच्या मांडवात फ्लॅश मारत फिरणारा आणि ट्रेकवर तासातून एकदा पिशवीतून कॅमेरा बाहेर काढणारा, अशा तिघांच्या हाती एकच कॅमेरा आणि एकच बॅटरी दिली तरी तिघांचे हिशेब एकमेकांशी जुळणार नाहीत. माझ्या मते याचे कारण साधे आहे, फक्त ते माहितीपत्रकात सरळ शब्दांत लिहिलेले नसते. डिजिटल कॅमेऱ्याची वीज फोटो टिपण्यापेक्षा कॅमेरा जागा ठेवण्यात जास्त खर्च होते. बॅटरीची निवड करायची असो की विजेची काटकसर, दोन्हींकडे या नजरेने पाहिले की बरेच गोंधळ सुटतात.

निकॉनच्या दोन कॅमेऱ्यांचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. डी८५० हा २०१७ सालचा डीएसएलआर, म्हणजे आरसा असलेला कॅमेरा, तर झेड६ हा २०१८ सालचा मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला. पहिल्यासोबत ईएन-ईएल१५ए ही बॅटरी येते आणि दुसऱ्यासोबत ईएन-ईएल१५बी. दोन्ही ७ व्होल्टच्या, दोन्हींची क्षमता १९०० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती विद्युतभार मावतो याचे माप), आकारही तोच. असे असूनही कंपनीच्या माहितीपत्रकात डी८५०च्या नावापुढे सुमारे १८४० फोटो लिहिलेले आहेत आणि झेड६च्या नावापुढे व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) वापरल्यास सुमारे ३१०, तर मागचा पडदा वापरल्यास सुमारे ३८०. दोन्ही कॅमेऱ्यांना अंगचा फ्लॅश नाही, त्यामुळे तुलनेत तशी खोट नाही. वीज तेवढीच असताना पाच-सहा पटींचा फरक पडतो, तो मुख्यतः बघण्याच्या पद्धतीमुळे. डी८५०च्या व्ह्यूफाइंडरमधून आपण आरशावरून आणि काचेतून आलेला खराखुरा प्रकाश पाहतो, त्याला वीज लागत नाही, आणि बटण दाबेपर्यंत प्रकाश टिपणारा सेन्सर झोपलेला असतो. झेड६मध्ये मात्र आपण डोळा लावून बसलो की सेन्सर अखंड चित्र वाचत राहतो, प्रोसेसर ते चित्र तयार करत राहतो आणि डोळ्यासमोरचा चिमुकला पडदा ते दाखवत राहतो. आपण एकही फोटो काढला नाही तरी हा सारा कारखाना चालूच असतो. गंमत अशी की व्हिडिओचे आकडे पाहिले तर डी८५० सुमारे ७० मिनिटांवर थांबतो आणि झेड६ सुमारे ८५ मिनिटांपर्यंत जातो. आरसा वर उचलून सेन्सर जागा ठेवावा लागला की डीएसएलआरची सगळी श्रीमंती संपते.

माहितीपत्रकातले हे आकडे येतात कुठून, हेही एकदा समजून घ्यायला हवे. ‘सिपा’ या जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेने एक चाचणी ठरवून दिलेली आहे. तापमान २३ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवायचे, दर ३० सेकंदांनी एक फोटो काढायचा, कॅमेऱ्याला फ्लॅश असेल तर एकाआड एक फोटोत तो उडवायचा, झूम पुढे-मागे करायचा आणि ठरावीक फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करायचा, असा तो सगळा विधी आहे. म्हणजे हा फोटोंचा आकडा असला तरी आतून तो वेळेचाच आकडा असतो. अर्ध्या मिनिटाला एक फोटो धरला तर झेड६चे ३१० फोटो म्हणजे जेमतेम अडीच तास, आणि सोनीच्या ए७ थ्रीचे ७१० फोटो म्हणजे सुमारे सहा तास. याच बॅटऱ्यांवर धडाधड ओळीने फोटो काढणाऱ्या पक्षिमित्रांना दोन-तीन हजार फोटो मिळतात आणि ते खूश होतात. उलट एखाद्या किंगफिशरवर कॅमेरा रोखून तासभर नुसता बसलेला माणूस दहा फोटो काढून बॅटरी अर्धी करतो आणि बॅटरीला दोष देतो. दोघांची बॅटरी सारखीच वागलेली असते. म्हणून मी कुणालाही सल्ला देताना माहितीपत्रकातल्या आकड्याला दोनने भागून त्याची मिनिटे करते. हा हिशेब ढोबळ आहे, पण फोटोंच्या संख्येपेक्षा तो कामाला येतो.

आता बॅटऱ्यांच्या प्रकारांकडे वळते. आजचे बहुतेक कॅमेरे लिथियम-आयनवर चालतात, पण पेन्सिल सेलवर चालणारे कॅमेरे अजून घराघरांत आहेत. कॅननची पॉवरशॉट ए मालिका, निकॉनची कूलपिक्स एल मालिका आणि पेंटॅक्सचे के-एक्ससारखे काही डीएसएलआर ही त्यातली नावाजलेली नावे. शिवाय फ्लॅशगन, म्हणजे वरून जोडायचा सुटा फ्लॅश, घेतली की पुन्हा चार पेन्सिल सेल आलेच. आणि खरी तुलना समजते ती सेलमध्येच, कारण तिथे आकार एकच ठेवून आतले रसायन बदलता येते.

आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळणारा सगळ्यांत स्वस्त सेल झिंक-कार्बनचा असतो. भिंतीवरच्या घड्याळाला, टीव्हीच्या रिमोटला तो उत्तम. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र तो घालूच नये. कॅमेरा सुरू होऊन लेन्स पुढे सरकेपर्यंतच तो धापा टाकू लागतो. अल्कलाइन सेल त्याहून पुष्कळ बरा, आणि त्याच्यावर २५०० एमएएचच्या घरातली क्षमता सांगितलेली असते, तीही खोटी नसते. अडचण एवढीच की ती क्षमता तो सेल हळूहळू, अगदी थोडा प्रवाह घेत वापरला तरच मिळते. फ्लॅश भरताना किंवा लेन्सची मोटर फिरताना कॅमेरा एकदम मोठा प्रवाह ओढतो. अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध (आतूनच प्रवाहाला होणारा अडथळा) जास्त असल्यामुळे अशा क्षणी त्याचे व्होल्टेज खाली बसते, कॅमेऱ्याला वाटते की सेल संपले, आणि पडद्यावर ‘सेल बदला’ असा संदेश येतो. कॅमेऱ्याने असे नाकारलेले सेल घड्याळात घालून पाहावेत. ते पुढे कित्येक महिने बिनतक्रार चालतात, कारण ते रिकामे झालेलेच नसतात, त्यांना फक्त कॅमेऱ्याचा वेग झेपलेला नसतो. कॅननच्या पॉवरशॉट एसएक्स१६० या कॅमेऱ्याच्या माहितीत अल्कलाइनवर सुमारे १४० फोटो आणि निकेल-मेटल हायड्राइडवर सुमारे ३८० फोटो असे आकडे होते. सेलवर छापलेल्या एमएएचकडे पाहून हा फरक कधीच लक्षात आला नसता.

निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे पुन्हा पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल, हे १.२ व्होल्टचे असतात, आणि ‘हे कमी व्होल्टचे, म्हणजे कमी ताकदीचे’ असा समज मी अजूनही दुकानदारांच्या तोंडून ऐकते. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टला सुरू होतो खरा, परंतु वापरताना तो घसरगुंडीवरून उतरावा तसा सतत खाली येत जातो आणि अर्ध्या वाटेवरच १.२च्या आसपास पोहोचतो. निकेलचा सेल मात्र आपली वीज संपत येईपर्यंत १.२ची पातळी जवळजवळ सोडत नाही, आणि रोध कमी असल्याने कॅमेऱ्याने मागितलेला प्रवाह त्याला सहज देता येतो. या सेलचा जुना दोष वेगळाच होता. चार्ज करून कपाटात ठेवले की ते आपोआप उतरत जात, आणि गणपतीत भरून ठेवलेले सेल दिवाळीला हातात घेतले तर बरेचसे रिकामे निघत. २००५च्या नोव्हेंबरात सान्यो कंपनीने एनेलूप हे सेल बाजारात आणले आणि हा प्रश्न मोठ्या प्रमाणात मिटवला. पुढे सान्यो पॅनासोनिककडे गेली, नाव तेच राहिले. आता इतर कंपन्यांचेही कमी गळतीचे सेल मिळतात आणि पाकिटावर बहुधा ‘वापरास तयार’ किंवा ‘आधीच चार्ज केलेले’ अशा अर्थाचे शब्द असतात, त्यावरून ते ओळखावेत.

एनेलूपमध्ये पांढरा सेल २००० एमएएचचा आणि काळा सेल २५०० एमएएचचा असतो. काळ्याकडे हात जाणे स्वाभाविक आहे, पण मी पांढरा घेते. जास्त क्षमतेच्या सेलचे आयुष्य चार्जिंगच्या फेऱ्यांमध्ये मोजले तर बरेच कमी असते, आणि पडून राहण्यातही पांढरा सेल सरस ठरतो. फ्लॅशगन महिन्यातून एकदा बाहेर काढणाऱ्या माणसाला टिकाऊपणा जास्त उपयोगाचा.

सेलइतकाच चार्जर महत्त्वाचा आहे, आणि नेमकी त्यातच आपण बचत करतो. स्वस्त चार्जर सेल जोडीने चार्ज करतात आणि ठरावीक तास झाले की थांबतात, सेल भरला की नाही हे ते पाहतच नाहीत. जोडीतला एक सेल अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असेल तर पहिला तापत राहतो आणि दुसरा उपाशी राहतो. प्रत्येक सेलसाठी स्वतंत्र कप्पा आणि स्वतंत्र दिवा असलेला चार्जर घेतला की सेल भरल्यावर व्होल्टेजमध्ये येणारी बारीकशी घट ओळखून तो कप्पा आपोआप बंद होतो. चार सेलचा संच नेहमी एकत्रच राहावा यासाठी माझ्या सेलवर मार्करने खुणा केलेल्या आहेत. एका संचावर ‘क’, दुसऱ्यावर ‘ख’, आणि खाली खरेदीचा महिना व वर्ष. याला कारण आहे. चार सेल ओळीने जोडलेले असताना त्यातला एक अशक्त असेल तर तो आधी रिकामा होतो, बाकीचे तिघे त्याच्यातून उलट दिशेने प्रवाह ढकलतात आणि तो कायमचा निकामी होतो. नव्या सेलांत एक जुना मिसळला की बिघाड सुरू होतो तो असा.

एकदाच वापरायचे लिथियम पेन्सिल सेल हा चौथा प्रकार. ते १.५ व्होल्टचेच असतात, वजनाला सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे अल्कलाइनच्या दोनतृतीयांश, आणि उणे ४० अंशांपर्यंत काम करतात असे त्यांच्या निर्मात्यांचे म्हणणे आहे. किंमत मात्र अंगावर येते. लडाख किंवा स्पितीला जाणाऱ्याने फ्लॅशगनसाठी किंवा जुन्या कॅमेऱ्यासाठी एक संच बरोबर ठेवावा, रोजच्या वापरात त्यांना जागा नाही. एक सावधगिरी मात्र सगळ्यांनीच बाळगायला हवी. अगदी पेन्सिल सेलच्याच आकाराचा १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल ऑनलाइन मिळतो, तो ३.७ व्होल्टचा असतो, आणि दोन पेन्सिल सेलच्या कॅमेऱ्यात असे दोन सेल घातले तर कॅमेऱ्याला तीनऐवजी सात व्होल्टहून अधिक दाब सोसावा लागेल. त्यानंतर दुरुस्तीवाल्याकडे जाऊनही फारसा उपयोग नसतो.

लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ साली पहिल्यांदा बाजारात आणली, आणि तिच्या जडणघडणीसाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कॅमेऱ्याच्या बाबतीत तिचे श्रेष्ठत्व एका हिशेबात दिसते, फक्त तो हिशेब एमएएचमध्ये न करता वॅट-तासांत, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकारात, करायला हवा. चार पांढऱ्या एनेलूपची वीज म्हणजे १.२ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-तास गुणिले चार, अर्थात ९.६ वॅट-तास, आणि त्यांचे वजन शंभर ग्रॅमच्या वर. सोनीच्या एनपी-एफझेड१०० या एका बॅटरीत १६.४ वॅट-तास असतात आणि तिचे वजन ऐंशी ग्रॅमच्या आसपास आहे. एमएएचचे आकडे पाहून फसायला होते ते इथेच. २००० एमएएचचा सेल आणि २२८० एमएएचची बॅटरी कागदावर जवळपास सारखी वाटतात, पण बॅटरी ७.२ व्होल्टची असते, सेल १.२ व्होल्टचा. छोट्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या ३.६ व्होल्टच्या आसपास आणि मोठ्यांच्या ७.२च्या आसपास असतात, तेव्हा बॅटरीवर बारीक अक्षरात छापलेला वॅट-तासांचा आकडा शोधावा आणि तोच तुलनेला घ्यावा. कॅननच्या १५००डीसारख्या कॅमेऱ्यात येणाऱ्या एलपी-ई१० बॅटरीत साडेसहा वॅट-तासही नसतात, तरी माहितीपत्रकात ५०० फोटो लिहिलेले असतात, आणि त्याचे कारण पुन्हा तोच आरसा.

दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त बॅटऱ्या घ्याव्यात का, यावर माझे मत मधले आहे. मुख्य बॅटरी मूळ कंपनीची आणि जोडीला एक चांगल्या नावाची पर्यायी बॅटरी, असे मी वापरते. मात्र पाकिटावर मूळ बॅटरीपेक्षा बरीच जास्त क्षमता छापलेली दिसली की मी ती खाली ठेवते, कारण आकार तोच, वजन बहुधा कमीच, मग जास्तीची वीज येणार कुठून? अशी एक बॅटरी मी मूळ बॅटरीसमोर ठेवून पाहिली होती. दोन्ही पूर्ण भरून, त्याच कॅमेऱ्यात, तेवढाच उजेड ठेवून पडदा सतत चालू ठेवायचा आणि कॅमेरा बंद पडेपर्यंतची मिनिटे मोजायची, एवढी साधी ही परीक्षा कुणालाही घरी घेता येते. जास्त एमएएच छापलेली बॅटरी बरीच आधी बंद पडली, आणि वाईट म्हणजे बंद पडण्याच्या थोडेच आधी तिचे चित्र पडद्यावर अर्धे भरलेले दिसत होते. मूळ बॅटऱ्यांतली चिप कॅमेऱ्याशी बोलून टक्के सांगते. नकली बॅटरीत तो संवाद अर्धवट असतो, काही कॅमेरे तर अशी बॅटरी ओळखायलाच नकार देतात. मूळ कंपनीच्या नावाच्या नकला हा त्याहून मोठा धोका आहे. किंमत संशय यावा इतकी कमी असेल तर होलोग्राम, छपाईतले शब्दलेखन आणि संपर्कपट्ट्यांची सफाई नीट पाहावी.

विजेची काटकसर कुठून सुरू करावी याचे उत्तर वरच्या विवेचनात आलेच आहे: कॅमेरा झोपवायला शिकावे. आपोआप बंद होण्याची वेळ बऱ्याच कॅमेऱ्यांत एक मिनिट किंवा त्याहून जास्त लावलेली असते, ती दहा किंवा तीस सेकंदांवर आणावी. बटणाला अर्धा स्पर्श केला की कॅमेरा जागा होतो, आजच्या कॅमेऱ्यांना त्यासाठी सेकंदाचाही वेळ लागत नाही. कॅमेरा दरवेळी मुद्दाम बंद-चालू करण्यापेक्षा हे बरे, कारण पूर्ण बंद-चालू करताना काही कॅमेरे सेन्सर झटकून साफ करतात आणि छोट्या कॅमेऱ्यांत लेन्स आत-बाहेर करणारी मोटर फिरते, त्यालाही वीज लागतेच. मिररलेस वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. व्ह्यूफाइंडरजवळ डोळा आल्याचे ओळखणारा एक सेन्सर असतो. कॅमेरा गळ्यात लटकवला की तो शर्टालाच डोळा समजतो, आणि आपण गड चढत असताना पोटाशी व्ह्यूफाइंडर उजळलेला राहतो. वाटेत सहज कॅमेरा किंचित दूर धरून आत पाहिले तर ते दिसते. चालताना कॅमेरा स्विचने बंद करावा किंवा पट्टा तिरका घालून तो कमरेशी उलटा टेकवावा.

फोटो काढल्यावर तो दोन सेकंद पडद्यावर दाखवण्याची सोय मी बंद ठेवते, आणि जागेवर बसून फोटो चाळणे, पुसणे तर टाळतेच. सफारीच्या जिप्सीत वाघ निघून गेल्यावर जो तो मान खाली घालून पडद्यावर वाघ पाहत असतो, त्या अर्ध्या तासात उडते तेवढी वीज वाघाचे फोटो काढताना उडालेली नसते. ‘प्री-एएफ’ किंवा तत्सम नावाची, बटण न दाबताही लेन्स सतत फोकस शोधत ठेवणारी सोय बंद करावी. नुसता कॅमेरा फिरवला तरी लेन्सची मोटर कुरकुरत असेल तर ती चालू आहे असे समजावे. वाय-फाय, ब्लूटूथ आणि जागेची नोंद यांबाबत मुख्य गोष्ट ही की काही कॅमेऱ्यांत त्या सोयी स्विच बंद केल्यावरही आत चालूच राहतात, म्हणून रात्री भरलेली बॅटरी सकाळी उतरलेली दिसली की आधी विमान मोड लावून पाहावा. अंगचा फ्लॅश फार वीज खातो, त्याबद्दल वेगळे सांगायला नको.

काही सल्ले मात्र मी मानत नाही. पडद्याचा उजेड कमी करा, हे घरात ठीक आहे. एप्रिलच्या उन्हात मंद पडद्यावर काहीच दिसत नाही आणि आपण एकाच फोटोसाठी तिप्पट वेळ पडद्याकडे डोळे किलकिले करून पाहत राहतो. लेन्समधली थरथर रोखणारी यंत्रणा बंद केल्याने थोडी वीज वाचते हे खरे, पण हलके हलून खराब झालेल्या फोटोंचे काय करायचे? तिपाईवर कॅमेरा असेल तेव्हा ती बंद करावी, एरवी राहू द्यावी. रॉ (सेन्सरची कच्ची, मोठी फाइल) ऐवजी जेपेग (कॅमेऱ्याने तयार केलेली छोटी फाइल) काढल्याने बॅटरी टिकते असेही कुणी सांगतात. त्यातून मिळणारी बचत पडदा काही मिनिटे बंद ठेवल्याने होणाऱ्या बचतीपुढे नगण्य आहे.

थंडीचा धसका आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त घेतला जातो. डिसेंबरात ताडोब्याच्या पहाटेच्या सफारीत किंवा हरिश्चंद्रगडावरच्या मुक्कामात बॅटरी थोडी लवकर दमते, कारण गारठ्यात तिच्यातल्या रासायनिक क्रिया मंदावतात आणि अंतर्गत रोध वाढतो, पण ती वीज नाहीशी झालेली नसते. बॅटरी आतल्या खिशात, अंगाशी थोडा वेळ ठेवली की पुन्हा चालते. हिमालयात मात्र सुटी बॅटरी रात्री झोपण्याच्या पिशवीतच घ्यावी, आणि गोठणबिंदूखालच्या थंडीत लिथियम-आयन बॅटरी चार्ज करू नये, कारण अशा वेळी आत लिथियम धातूचा थर साचतो आणि तो नंतर निघत नाही. आपल्या हवामानात खरा शत्रू आहे तो उन्हाळा. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे बाहेरच पारा ४५च्या घरात असतो. त्या दिवसांत काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कॅमेऱ्याची पिशवी ठेवणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य जाणूनबुजून कापणे आहे. लिथियम-आयन बॅटरी सर्वांत लवकर म्हातारी होते ती पूर्ण भरलेली आणि गरम अशा अवस्थेत. त्यामुळे पावसाळ्यात कॅमेरा महिना-दोन महिने कपाटात जाणार असेल तर बॅटरी निम्मी भरून, कॅमेऱ्यातून काढून, कोरड्या जागी ठेवावी, आणि अधूनमधून तिची पातळी पाहावी. अगदी शून्यावर पडून राहिली तर तिच्यातले संरक्षक सर्किट तिला कायमचे बंद करू शकते. अल्कलाइन सेल तर कॅमेऱ्यात वा फ्लॅशगनमध्ये ठेवूच नयेत, ते पाझरतात आणि त्यातला क्षार संपर्कपट्ट्या खातो. पांढरी भुकटी दिसलीच तर कापसाच्या बोळ्यावर किंचित व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन ती पुसावी आणि जागा पूर्ण कोरडी करावी.

पॉवर बँकेवर किती भिस्त ठेवावी, याचाही हिशेब वॅट-तासांतच करावा. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेत ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ३७ वॅट-तास असतात, त्यातले बरेचसे रूपांतरात वाया जातात, आणि शेवटी सोळा वॅट-तासांची बॅटरी दीड वेळा भरेल एवढेच हाती लागते. शिवाय कॅननच्या ईओएस आर५सारखे काही कॅमेरे ‘पॉवर डिलिव्हरी’ असलेल्या यूएसबी-सी चार्जरवाचून चार्जच होत नाहीत, साध्या फोनच्या चार्जरला ते दाद देत नाहीत. प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्याच पॉवर बँकेवर आपलाच कॅमेरा एकदा लावून पाहावा. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांची मर्यादा कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांना सहसा आड येत नाही, पण त्यांच्या संपर्कपट्ट्या झाकलेल्या हव्यात. खिशातल्या नाण्याने वा किल्लीने दोन पट्ट्या जोडल्या गेल्या तर बॅटरी धोकादायकरीत्या तापते. कॅननच्या एलपी-ई६ बॅटरीच्या झाकणाला बॅटरीच्या आकाराची एक खिडकी असते. झाकण एका बाजूने लावले तर तिच्यातून निळा रंग दिसतो, उलट लावले तर दिसत नाही, आणि भरलेली बॅटरी कोणती, उतरलेली कोणती हे पिशवीत हात घालताच कळते. ज्यांच्या बॅटरीला अशी सोय नाही त्यांनी भरलेल्या बॅटरीभोवती रबर बँड गुंडाळावा.

बॅटरी बदलण्याची वेळ आली की नाही, हे बरेच कॅमेरे स्वतःच सांगतात, फक्त ते पान उघडणारे थोडे. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत ‘बॅटरी इन्फो’मध्ये बॅटरीचे वय ० ते ४ अशा पट्टीवर दाखवलेले असते. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदलण्याजोगी. कॅननच्या वरच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांत शिल्लक टक्के, त्या चार्जिंगवर काढलेले फोटो आणि तीन चौकटींत दाखवलेली चार्ज धरून ठेवण्याची ताकद दिसते. एकच, लाल चौकट उरली असेल तर ती बॅटरी लग्नाच्या कामाला नेऊ नये, घरच्या सरावाला ठेवावी. याच पानावरचा फोटोंचा आकडा मी दर सफरीनंतर पाहते, कारण माहितीपत्रकापेक्षा तो माझ्या सवयींबद्दल जास्त खरे सांगतो.

बॅटरी फुगली असेल तर मात्र पट्टी पाहण्याची गरजच नाही. ती कप्प्यातून काढताना घासू लागते, सपाट टेबलावर ठेवली तर डुगडुगते. अशी बॅटरी चार्जरला लावू नये आणि कप्प्यात अडकली असेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये. कॅमेरा बंद करून दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. निकामी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकण्याची वस्तू नाही. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर पेट घेऊ शकते. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, त्यामुळे ई-कचरा घेणाऱ्या संस्थेकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात ती देता येते. तोपर्यंत संपर्कपट्ट्यांवर चिकटपट्टी लावून वर मार्करने ‘खराब’ असे लिहून ठेवावे, म्हणजे घरातले दुसरे कुणी ती पुन्हा चार्जरला लावणार नाही.